पारा उतरतो तेव्हा

शहरे वसवण्याच्या संगणकीय खेळांत हवामानाला फारसे कोणी विचारीत नसे. १९८९ सालच्या ‘सिमसिटी’त पूर, भूकंप, वावटळ ही संकटे चक्क यादीतून निवडून शहरावर सोडता येत. पडझड आवरली की पुन्हा आपले रस्ते आणि कारखाने! वॉर्सा येथील ‘इलेव्हन बिट स्टुडिओज’ने २०१८ मध्ये काढलेला ‘फ्रॉस्टपंक’ हा खेळ मात्र वेगळा निघाला. गेल्या सुट्टीत, मे महिन्याच्या उकाड्यात, मी तो खेळलो आणि अक्षरशः गारठलो.

काळ १८८६ चा, अर्थात कल्पनेतला. जग गोठले आहे. इंग्लंडहून उत्तरेकडे आलेली मूठभर माणसे कोळशावर चालणाऱ्या एका अवाढव्य जनित्राभोवती नगर उभारतात. त्यांचा प्रमुख म्हणजे आपण. पडद्याच्या माथ्यावर तापमान दिसते, आणि पुढल्या दिवसांत ते किती उतरणार याची सूचनाही. आरंभ उणे २० अंशांवर. पारा घसरला की जनित्राची आच वाढवायची, म्हणजे कोळसा अधिक हवा. कोळशासाठी माणसे थंडीत राबणार, आजारी पडणार. आजारी वाढले की राबणारे हात कमी, आणि हात कमी झाले की पुन्हा कोळसा कमी!

अशा वेळी कायद्यांची वही उघडावी लागते. नेहमीची पाळी दहा तासांची. ती चौदा तासांची करण्याचा कायदा आहे, अडीनडीला सलग चोवीस तास राबवून घेण्याचाही आहे. मुलांना कामाला जुंपावे, की त्यांच्यासाठी निवारा बांधावा? या प्रश्नापाशी मी बराच वेळ थबकलो. निवारा बांधला, त्या रात्री काही घरे थंड राहिली. चौदा तासांच्या कायद्यावर मात्र सही केली.

दोन दिवसांनी पारा चढला. पाळी पुन्हा दहा तासांची करता आली, पण तो कायदा वहीतून पुसता येईना. या खेळात एकदा केलेला कायदा मागे घेता येत नाही. हवा बदलते, सही बदलत नाही!

महाभारताच्या शांतिपर्वात आपद्धर्माचे स्वतंत्र उपपर्व आहे. संकटकाळी चालेल ते एरवी चालत नाही, हे तर आपण सारेच मानतो. पण मित्रहो, संकट सरले हे ठरवायचे कोणी? ज्याच्या हाती वही आहे त्याला पारा सदैव उतरलेलाच दिसण्याची भीती असते.

अखेरीस महाभयंकर हिमवादळ येते. तापमान उणे शंभराच्याही खाली जाते. त्यातून नगर वाचले तर त्याची सारी उभारणी डोळ्यांपुढून झरझर सरकते आणि आपण कुठवर गेलो याचा हिशेब मांडला जातो. माझे नगर वाचले. हिशेब वाचताना मनात आले, थंडीवर माझी सत्ता नव्हती हे खरे; पण त्या वहीत थंडीची सही कुठेच नव्हती.