ग्रीनिचचं लाल विटांचं घर

मैत्रिणींनो, लंडनला जाणं झालं तर थेम्सवरून बोटीनं ग्रीनिचला उतरा नि बागेची टेकडी चढा. वर 1723 च्या सुमाराचं रेंजर्स हाऊस आहे. ज्युलिया क्विनच्या ब्रिजर्टन कादंबऱ्यांवरच्या 2020 सालच्या मालिकेत त्या कुटुंबाचं घर म्हणून बाहेरून दिसतं, ते हेच. पडद्यावरचा जांभळ्या फुलांचा वेल मात्र चित्रीकरणापुरता, खोटा बरं का!

चार मुलगे, चार मुली. नावं अँथनीपासून हायसिंथपर्यंत इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमानं. 2000 ते 2006 या काळात एकेकाच्या प्रेमाची एकेक कादंबरी आली. पहिलीतला काळ 1813 चा. वाचताना नाच, हातमोजे, मेजवान्या यांतच मन रमतं. पण तेव्हा सरदारकी नि जमीनजुमला बहुधा थोरल्या मुलाचा. मुलींनी चांगलं स्थळ गाठायचं. लग्न झालं की बाईचा पैसा सर्वसाधारणपणे नवऱ्याचा होई. 1870 आणि 1882 च्या कायद्यांनी ते बदललं.

म्हणून त्या उंच खिडक्यांखाली उभं राहिलं, की मुलींच्या आईची लगबग हसण्यावारी नेता येत नाही. तिच्या लेकींचा जन्मभराचा निवारा एका होकारावर ठरणार होता.