न उघडलेल्या पेट्या

१९४४च्या ऑगस्टमधली रात्र. पॅरिसमधल्या ज्यू द पोम या छोटेखानी संग्रहालयात एक जर्मन कर्नल एकटाच शिरतो, दिवा लागतो, आणि अंधारातून एकेक चित्र वर येऊ लागतं. तो त्यांच्यासमोर उभा राहतो. त्या उभं राहण्यात लोभ आहे, अधिकार आहे, पण त्याहून अस्वस्थ करणारं काही आहे. त्याचं या चित्रांवर खरोखर प्रेम आहे. मग हुकूम सुटतो, चित्रं भिंतींवरून उतरतात, खोक्यांत बंद होतात, झाकणांवर खिळे ठोकले जातात आणि लाकडावर काळ्या अक्षरांत नावं उमटतात: रेन्वार, गोगँ, देगा, मातीस, पिकासो.

त्यानंतर चित्रं दिसतच नाहीत.

जॉन फ्रँकनहायमरचा ‘द ट्रेन’ (१९६४) मला पुन्हा पुन्हा ओढून नेतो तो इथे. जगातल्या सगळ्यात उजळ रंगांची ही गोष्ट काळ्यापांढऱ्यात सांगितली आहे, आणि सांगितली आहे ती कोळशानं, वाफेनं, ओल्या रुळांवरून घसरणाऱ्या पहाटेच्या उजेडानं. यातली इंजिनं खेळण्यातली नाहीत. ती खरीखुरी धडकतात, रूळ सोडून खाली येतात, आणि त्यांचं ते अवाढव्य कोसळणं छातीत जाणवतं. रेल्वेचा माणूस लॅबिश झालेला बर्ट लँकेस्टर एका प्रसंगात इंजिनाचं बेअरिंग स्वतःच्या हातांनी ओततो. वितळलेला धातू, घासण्याचा आवाज, घामानं चमकणारं मनगट. कॅमेरा नजर वळवत नाही, कारण इथे त्याला खोटं काही लपवायचं नाही.

माझे आजोबा भुसावळच्या लोकोशेडमध्ये फिटर होते. गाडी येऊन थांबली की ते चाकाजवळ वाकत आणि पंजाची मागची बाजू बेअरिंगला लावून ऊब बघत, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावी तशी. नखांतली तेलाची काळी रेघ साबणानं कधीच गेली नाही. चित्रांशी त्यांचा संबंध भिंतीवरच्या कॅलेंडरापुरता. पण लॅबिश तो धातू ओततो तेव्हा त्याच्या हाताच्या सावधपणात मला त्यांचा हात दिसतो, आणि मग त्याच्यासारखी माणसं जे करतात ते मला नवलाचं वाटत नाही.

नवल खरं तर त्यांनाच वाटायला हवं होतं. नाझींविरुद्धच्या भूमिगत लढ्यातले साथीदार एकामागून एक मारले गेलेले, दोस्तांच्या फौजा दाराशी आलेल्या, आणि अशा वेळी संग्रहालयातली एक बाई येऊन सांगते, चित्रांची गाडी जर्मनीला जाऊ देऊ नका. लॅबिश नकार देतो. चित्रांपायी माणसं मरायला पाठवायची नाहीत, एवढं साधं त्याचं म्हणणं, आणि मला ते पटतं. पण म्हातारा ड्रायव्हर पापा बूल ऐकत नाही. मिशेल सिमोंनं हा माणूस असा उभा केला आहे की त्याच्या कपड्यांना तेलाचा वास येतोय असं वाटावं. तरुणपणी त्याची एका मुलीशी ओळख होती. ती रेन्वारसाठी बसायची, आणि तिच्या अंगाला रंगांचा वास यायचा. कलेची त्याची सगळी पुंजी एवढीच. तेवढ्या वासावर तो इंजिनाच्या तेलाच्या नळीत फ्रँकची नाणी सरकवतो, इंजिन निकामी करतो, आणि ती नाणी त्याच्याच खिशात सापडतात तेव्हा भिंतीशी उभा राहून गोळी घेतो.

प्रत्यक्षात असा रक्तपात झाला नव्हता. ऑगस्टच्या पहिल्याच दिवशी १४८ खोकी मालगाडीत चढली, आणि फ्रेंच रेल्वेच्या माणसांनी ती गाडी पॅरिसच्या वेशीतच रखडवली. आज ही अडचण, उद्या ती खोळंब्याची सबब. २७ तारखेला ओल्नेजवळ फ्रेंच सैन्याच्या एका तुकडीनं गाडी ताब्यात घेतली. तिचा अधिकारी होता लेफ्टनंट अलेक्झांडर रोझेनबर्ग. पॅरिसमधले नामवंत कलाविक्रेते पॉल रोझेनबर्ग यांचा मुलगा. खोकी उघडली, आणि लहानपणी घरात रोज पाहिलेली चित्रं त्याच्यासमोर आली.

ही गाडी निघते आहे हे बाहेर कळलं ते रोझ वालाँमुळे. चित्रपटातली ती बाई हिच्यावरूनच आली. लोहाराची मुलगी. नाझींनी ज्यू द पोम लुटीच्या मालाचं कोठार केलं तेव्हा ती तिथेच कामावर राहिली. तिला जर्मन कळतं हे तिनं कुणाला कळू दिलं नाही. नाझी नेता गोरिंग येई, स्वतःसाठी चित्रं निवडून जाई, आणि ही भिंतीलगतची, कुणाच्या नजरेत न भरणारी बाई ऐके, लक्षात ठेवी, रात्री लिहून काढी. कुठलं खोकं, कुणाच्या घरचं, कुठे चाललं. १९४३च्या जुलैत संग्रहालयाजवळ पाच-सहाशे चित्रं जाळली गेली, क्ले, मिरो, पिकासो यांच्यासकट, असं तिनं लिहून ठेवलं आहे. तो धूर तिच्या श्वासात गेला असेल, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच वही, तोच निर्विकार चेहरा.

इतकं प्रेम इतकं मुकं असू शकतं.

चित्रपटाच्या शेवटी रुळांवरून घसरलेल्या गाडीतली खोकी रुळांच्या कडेला पसरलेली आहेत, इंजिन अजून धापा टाकतंय, आणि बाजूला ओलीस धरलेल्या गावकऱ्यांची प्रेतं. कर्नल लॅबिशला हिणवतो: तुला या चित्रांतलं काय कळतं, तू हे का केलंस तेही तुला सांगता यायचं नाही. लॅबिश त्या प्रेतांकडे बघतो आणि बंदूक चालवतो. मग लंगडत निघून जातो. एकही खोकं उघडून बघत नाही. पाहणारा कर्नल चोर, न पाहणारा लॅबिश राखणदार. या दोघांच्या मधल्या त्या उन्हात माझ्यापाशी उत्तर नसतं, घशात काहीतरी दाटतं फक्त.

एक गोष्ट मात्र या चित्रपटाला मी माफ करू शकत नाही. तो फ्रान्सच्या वैभवाविषयी बोलतो, पण ही चित्रं कुणाच्या दिवाणखान्यातून, कुणाच्या जेवणाच्या टेबलावरच्या भिंतीवरून उतरवली होती, ते जवळजवळ बोलतच नाही. ती बहुतांशी ज्यू कुटुंबांची होती. कित्येक घरांत परत यायला कुणी उरलं नाही. रोझ हे विसरली नाही. युद्ध संपल्यावर फ्रेंच सैन्याच्या कॅप्टनचा गणवेश चढवून ती जर्मनीत गेली, वह्यांतल्या नोंदींचा माग काढत राहिली, आणि तिच्यामुळे हजारो कलाकृती मायदेशी आल्या.

त्यांतल्या सुमारे दोन हजार आजही फ्रान्सच्या संग्रहालयांत आहेत, ‘एमएनआर’ अशा वेगळ्या खुणेनं नोंदवलेल्या. सरकार त्यांचं मालक नाही, तात्पुरतं राखणदार आहे. सगळ्याच लुटलेल्या नाहीत, पण काही नक्कीच आहेत, आणि अधूनमधून एखादी नोंद जुळते, एखादं चित्र उतरवलं जातं, मूळ मालकाच्या नातवंडांच्या, पतवंडांच्या स्वाधीन होतं. या कामाला आता फार उशीर झाला असं म्हणणारे आहेत. मला ते मान्य नाही. रोझच्या वह्या आहेत, पत्ते आहेत, वारस कुठल्या ना कुठल्या देशात आहेत. ते शोधत राहायला हवेत.