गावरान म्हणजे ब्राऊन?

पुण्यात 'गावरान अंडी' अशी पाटी दिसली की गिऱ्हाईक आधी रंग बघतं. अंडं जितकं गडद ब्राऊन, तितकं म्हणे ते अस्सल! आता गंमत बघा. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात, घाटाखाली, दारात फिरणारी खरी गावरान कोंबडी घालते लहानसं, फिकट बदामी अंडं. म्हणजे गावरानच्या परीक्षेत गावरानच नापास!

विषय निघाला तो आमच्या मातोश्रींमुळे. नांदुऱ्याकडे आमचं गाव. यंदा त्यांना वीस पिल्लं आणायची आहेत आणि गिऱ्हाईक मागतंय ब्राऊन अंडी. मग काय, अख्खा वीकांत याच अभ्यासात!

थोडं तांत्रिक. अंड्याचं कवच बनायला साधारण २० तास लागतात. प्रोटोपॉर्फिरिन नावाचं रंगद्रव्य त्यावर मुख्यतः शेवटच्या काही तासांत चढतं. ते किती चढणार हे कोंबडीच्या जातीवर ठरतं. व्हाइट लेगहॉर्नला काहीही खाऊ घाला, अंडं पांढरंच. वय वाढलं किंवा ऊन तापलं की ब्राऊन रंगही फिकटतो (आणि आमच्याकडचा मे महिना म्हणजे...असो). बलकाचा पिवळेपणा मात्र खाद्यावर, मका घातला की गडद. पोषणाचा कवचाच्या रंगाशी संबंध नाही.

सगळ्यात गडद, अगदी चॉकलेटी अंडी फ्रान्सच्या मॅरन्स कोंबडीची. पण ती नांदुऱ्यात कुठून आणणार? कडकनाथ अंगानं काळी असली तरी तिचं अंडं फिकटच. आपल्याकडे ब्राऊन अंड्यासाठी ऱ्होड आयलंड रेड किंवा हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या वनराजा आणि ग्रामप्रिया. परसात वनराजा वर्षाला १०० ते ११० अंडी देते, ग्रामप्रिया १६० ते १८०. गावरान जेमतेम ५०-६०.

एक्सेलमध्ये ग्रामप्रिया सरळ जिंकते. पण आईची रिक्वायरमेंट पहिल्या दिवसापासून एकच: "रंगाचं काय घेऊन बसला? खुडूक बसते का थे पाह्य आंधी!"

आणि गाडी तिथंच अडते. या सुधारित कोंबड्या खुडूक बसत नाहीत, म्हणजे पिल्लं दरवेळी विकत आणा. गावरान कोंबडी मात्र स्वतः अंडी उबवते, पिल्लं वाढवते, घार दिसली की पंखाखाली घेते. हा खर्च कुठल्याच बिलात दिसत नाही. आज घरोघरी रंग बघून कोंबडी निवडली, तर पाटीवर 'गावरान' उरेल आणि दारात नसेल.

शेवटी ठरलं ते असं. बारा ग्रामप्रिया विक्रीच्या अंड्यांसाठी, आठ गावरान वंश चालवायला. ग्रामप्रियाचे कोंबडे ठेवायचे नाहीत, नाहीतर दोन-तीन पिढ्यांत सगळीच सरमिसळ. आणि दोन्ही अंडी वेगळ्या टोपल्यांत, खरं नाव सांगून विकायची. फिकट टोपलीचा भाव जास्त राहील, असं मातोश्रींचं म्हणणं. गिऱ्हाईक ऐकेल का, ते दिवाळीपर्यंत कळेलच.