भेरली माडाच्या सावलीत

शाहू छत्रपतींनी १७१७ साली सेनापतिपद दिलेल्या खंडेराव दाभाड्यांची गढी इंदुरीस इंद्रायणीच्या काठी आहे, आणि तिच्या आश्रयाने बसून पलीकडची झाडी रंगविण्याचा माझा परिपाठ पुष्कळ वर्षांचा. परंतु दरसाल त्या झाडीची रेघ बारीक होत गेली आणि बांधांच्या जागी बिगरशेती भूखंडांचे दगड दिसू लागले, तेव्हा कुऱ्हाड न लागलेले रान एकदा तरी कागदावर यावे, म्हणून ज्येष्ठातल्या एका पहाटे रंगपेटी घेऊन मी निघालो.

तळेगाव, कामशेत, पवनानगर, लोहगड-विसापूर ढगात. पुढे अजिवली, आणि तिथली वाघजाईची देवराई. गाडगीळ आणि वर्तक यांनी १९७६ साली पश्चिम घाटातील देवरायांवर निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा विद्वानांचे लक्ष अशा रानांकडे वळले. गावाला मात्र सनदेची गरज नव्हती, देवीची वहिवाट पुरेशी होती.

आत शिरताच माझी विद्या संपली. कोल्हापूरच्या आबालाल रहिमानांनी कोटितीर्थाच्या परिसरात निसर्गचित्रे केली, तिथे निदान तळ्याचे पाणी होते, म्हणून अवकाश होता. येथे क्षितिजच नाही, हिरव्यावर हिरवा, आणि दमट हवेत पहिला हात वाळेना तो वाळेना. (बाजारी नळीतला तयार हिरवा अशा वेळी अगदी खोटा दिसतो.) अखेर समोरचा एकच भेरली माड धरला: माशाच्या शेपटीसारखी पाने, आणि खोडावरून लोंबणाऱ्या फुलोऱ्याच्या जटा.

चित्रफळीच्या घोडीचा पाय चिखलात रुतत होता, म्हणून पडलेली एक काटकी मी खाली सरकवली.

"पाव्हणं, ती आईची हाय. ठिवा तिथंच."

मागे एक म्हातारबाबा उभे होते. वरमून मी काटकी जागेवर ठेवली आणि फळी मांडीवर घेतली. ते बराच वेळ चित्र पाहत राहिले, मग म्हणाले, "पार खालचा तुरा न्हाई काढला तुमी."

या माडाला फुलोरा शेंड्याकडून येतो, मग पेऱ्यापेऱ्याने खाली उतरतो, आणि सर्वांत खालचा फळून गेला की झाड वाळते, हे मला ठाऊक होते. पाहिले मात्र नव्हते. बुंध्याजवळ, पाचोळ्यापासून दोन हातांवर, तो तुरा खरोखरच होता.

"काढा आजच," ते म्हणाले, "म्होरच्या खेपंला ह्यो नसंल."

कागद अजून ओलाच होता. मी बारीक कुंचला घेतला.