मेल्या

आई टिप्याला चौदा वर्षं 'मेल्या' म्हणत आली. कोकणात हा शब्द शिवीतही बसतो आणि लाडातही. खळ्यात वाळत घातलेल्या आमसुलांवरून चालत गेला की 'मेल्या', भाकरी टाकतानाही 'ये मेल्या'. त्याला बहुधा आपलं नाव तेच वाटत असावं. टिप्या म्हटल्यावर तो क्वचितच वळायचा.

आमच्या संगमेश्वराकडच्या गावात कुत्री सहसा म्हातारी होत नाहीत. त्याआधीच एखाद्या रात्री बिबट्या उचलतो. टिप्या वाचला तो अण्णांमुळे. एका भादव्यात आठ दिवस परागंदा झाला होता तेवढं सोडलं, तर दिवेलागणीला त्याला पडवीत घेऊन कडी लावायचं त्यांनी कधी चुकवलं नाही. म्हातारपण मिळालं, मग म्हातारपणाचं सगळंच मिळालं. नवरात्रात त्याने खाणं टाकलं, नुसतं पाणी पीत राहायचा. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन ९.८, दीडच्या आसपास असायला हवं. मूत्रपिंडाचं साधारण ७५ टक्के काम बंद पडेपर्यंत हा आकडा वाढतच नाही म्हणे. आठवडाभर रिक्षाने नेऊन सलाइन लावलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "आता त्याला त्रासच आहे. तुम्ही ठरवा."

ठरवा! महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिर कुत्र्याला टाकून इंद्राच्या रथात चढत नाही. रायगडावर वाघ्याची समाधी दाखवतात, धन्याच्या चितेत त्याने उडी घेतल्याचं सांगतात. इतिहासकार त्यावर भांडतात ते भांडोत. पण दोन्हीकडे कुणीतरी कुणाची तरी सोबत धरलेली आहे. आपणच त्याला पुढे पाठवायचं आणि दुपारी घरात जेवायला बसायचं, अशी गोष्ट मला लहानपणी कुणी सांगितली नव्हती.

डॉक्टर अकराला येणार होते. सातलाच अण्णा पहार घेऊन परसात फणसाखाली गेले. वय बहात्तर. आमची जमीन जांभ्याची, वरची हातभर माती सरली की पहार ठणठणते. "खोल हवा, नाहीतर कोल्हे उकरतात," एवढंच म्हणाले. मी घमेल्याने माती काढत होतो. तेवढ्यात टिप्या पडवीतून उतरला. तीन दिवस जागचा हलला नव्हता तो. लटपटत आला, ढीग हुंगला, पुढच्या पायाने दोनदा माती उकरली, ती खोड जन्माची, आणि त्या गार, ओलसर मातीवर पोट टेकून पसरला.

अण्णांनी पहार खाली ठेवली. बराच वेळ पाठमोरे उभे होते. मग म्हणाले, "निजू दे त्याला. माती दुसऱ्या अंगाला टाक."

इंजेक्शन तिथेच दिलं. पायावर सलाइनसाठी भादरलेला चौकोन होता, त्यात नुकते खुंट फुटू लागले होते. आधी गुंगीचं, मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस. फार वेळ लागला नाही. डोळे मिटत नाहीत, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं ते बरं केलं. पहिली सुई टोचताना त्याने माझ्याकडे पाहिलं. त्यात काही अर्थ शोधायचा नाही, असं मी स्वतःला बजावतो. दुखलं की तो माझ्याकडेच बघायचा.

आई मिठाची पिशवी आणि जुनी गोधडी घेऊन आली. वाकून त्याच्या कानामागे खाजवलं. ओठ 'मे' म्हणायला हलले आणि थांबले. मग, मी तरी पहिल्यांदाच ऐकलं, ती म्हणाली, "टिप्या."

संध्याकाळी मावशीचा फोन आला. मराठीत माणूस जातो, जनावर मरतं. आईला तो दुसरा शब्द काही केल्या तोंडातून काढवेना.

"टिप्या गेला," ती म्हणाली.

"कुठे गेला गं?" पलीकडून मावशीचा खणखणीत आवाज मलाही ऐकू आला. "येईल की! मागे भादव्यात नाही का आला आठ दिवसांनी?"

आईने फोन माझ्या हातात दिला.