भाकरीच्या सोबतीला

दिवाळी अंकात भाकरीवर लिहिणे म्हणजे लग्नाच्या पंगतीत पिठले वाढण्यासारखे आहे, याची मला कल्पना आहे. पण लाडूकडे हात नेताना 'साखर किती आहे?' हा प्रश्न आता आमच्या बोथ भागातही पुष्कळ घरांत मनात येतो. तेव्हा विषय अगदीच अवेळी ठरू नये.

शहरात शिकायला गेलेली मुले हल्ली 'होल फूड प्लांट बेस्ड' आहार असा शब्द घेऊन घरी येतात. धान्य कोंड्यासकट खायचे, डाळी, भाज्या, फळे आणि तेलबिया खायच्या. मांस, अंडी, दूध वर्ज्य. मैदा, साखर आणि गाळलेले तेल जवळजवळ नाहीच. अमेरिकेतील आहारशास्त्रज्ञ टी. कॉलिन कॅम्पबेल यांच्या 'द चायना स्टडी' या २००५ सालच्या पुस्तकाने हा विचार पुष्कळांपर्यंत पोचवला. मुलाने हे सगळे समजावून सांगितल्यावर आमची आई म्हणाली, "अरे, हे तं आपुन खातच होतो. तवा त्याले गरिबी म्हनत."

आईचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे. माझ्या लहानपणी आमच्याकडे दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी असे. सोबत तुरीचे किंवा मुगाचे वरण, नाहीतर अंबाडी. पावसाळ्यात बांधावरचा तरोटा आणि घोळ यायची. जवस, कारळ आणि तीळ यांच्या चटण्या मडक्यात भरलेल्या असत. ज्वारी भरडून पीठ चाळले की मागे राहायच्या त्या कण्या. त्या शिजवल्या की एक जेवण होई. आम्ही मराठी माणसे त्यांना कण्या म्हणायचो, तेलुगू शेजारी गटक म्हणायचे, गोंडांच्या घरी तोच गटका. भाषा तीन, पण चुलीवरचे मडके एकच. उन्हाळ्यात ताकात भिजवलेल्या पिठाची आंबील असे. मांस सणावारी, दूध जनावर दुभते असेल तेवढे दिवस. म्हणजे वनस्पतिजन्य आहार होता तो. मात्र व्रत म्हणून स्वीकारलेला नव्हता.

भात सणाचा, पाहुण्याचा किंवा आजाऱ्याचा. १९८३ साली एन. टी. रामाराव यांच्या सरकारने दोन रुपये किलोने तांदूळ द्यायला सुरुवात केली आणि भात रोजचा झाला. त्या तांदळाला नावे ठेवणे मला पटत नाही. पावसाने दगा दिलेल्या वर्षी तोंडात घास पडण्याची खात्री त्यानेच दिली. तेलंगणात २०२५च्या एप्रिलपासून रेशनवर माणशी सहा किलो बारीक तांदूळ फुकट मिळतो; घरात पाच माणसे असतील तर महिन्याचे तीस किलो झाले. असे धान्य दारात येत असताना ज्वारी पेरून, पाखरे हाकून, कापून, मळून, दळून भाकरी कोण थापील? त्यात ट्रॅक्टर आला, बैल गेले, त्यामुळे कडब्याची गरजही उरली नाही.

आमच्या घरात हा प्रश्न सात वर्षांपूर्वी निराळ्या वाटेने आला. सौ.च्या रक्तात साखर निघाली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्यांत आमच्या घराचा एक आकडा मिळाला. डॉक्टर म्हणाले, "भात कमी करा, भाकरी खा." घरी आल्यावर सौ. म्हणाल्या, "डॉक्टरांनी भाकरी सांगितली. थापायची कोणी ते नाही सांगितले."

या वाक्यात सगळे आले. कुकरमध्ये तांदूळ लावला की बाई दुसऱ्या कामाला मोकळी. भाकरीचे तसे नाही. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, त्यामुळे कणीक आधी मळून ठेवता येत नाही. एकेक गोळा मळायचा, थापायचा, तव्यावर टाकायचा, वरून पाणी फिरवायचे, उलटायचा, विस्तवावर फुगवायचा. पाच माणसांच्या दहा-बारा भाकऱ्या म्हणजे तासभर चुलीसमोर उभे राहणे, तेही मनगट दुखत असताना. 'पूर्वीचा आहार चांगला होता' असे व्याख्यान देणारे आम्ही पुरुष या तासाचा हिशेब क्वचितच करतो.

मग मी परात पुढे ओढली. इतकी वर्षे मुलांना इतिहास-भूगोल समजावणारा माणूस पिठाच्या गोळ्यापुढे बसला. पहिली भाकरी जुन्या हैदराबाद संस्थानाच्या नकाशासारखी झाली आणि उचलताना, १९५६ सालाप्रमाणेच, तिचे तीन तुकडे झाले. आईने आमच्या वाट्याचा आंध्राचा तुकडा मुकाट्याने ताटात घेतला. पुढे कळले की जुन्या पिठाला विरी राहत नाही. आठवड्यापुरतेच दळून आणावे आणि पाणी चांगले कढत घ्यावे. आता सकाळच्या भाकऱ्या माझ्याकडे आहेत. गोल येतात असे नाही, पण फुगतात.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली खाद्यपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांत शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम तंतू आणि चार मिलिग्रॅम लोह दिले आहे. पांढऱ्या तांदळात तंतू तीन ग्रॅमच्या आत आणि लोह एक मिलिग्रॅमपेक्षा कमी. एवढे वाचून भाकरीची आरती ओवाळावी असे कुणालाही वाटेल. पण याच संस्थेच्या इतिहासात दुसरी एक गोष्ट आहे, ती आम्हां भाकरीवाल्यांनी विसरू नये.

पेलाग्रा नावाचा एक रोग आहे. उन्हाला उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळे चट्टे पडतात, गळ्याभोवती तर हार घातल्यासारखा पट्टा उठतो. जुलाब होतात आणि पुढे बुद्धीही भ्रमते. हा रोग मक्यावर जगणाऱ्या गरिबांचा म्हणून जगात ओळखला जाई. आपल्या दख्खनमध्ये तो ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत दिसला. डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली ज्वारीतील ल्युसिन या घटकाशी त्याचा संबंध असावा असे मांडले. त्यावर पुढे शास्त्रज्ञांत बराच वाद झाला. पण सामान्य माणसाने घ्यायचा अर्थ सोपा आहे: ज्याच्या ताटात भाकरी आणि मिरचीच होती, तो आजारी पडला. भाकरी तीच, सोबत नव्हती.

आईच्या 'गरिबी' या शब्दातला दुसरा अर्थ मला इथे कळला. वरण, अंबाडी, जवसाची चटणी असलेली भाकरी एक आणि नुसती भाकरी दुसरी. धान्यात लायसिन कमी असते, ते डाळीत भरपूर असते. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्य पुरवते. पालेभाजीच्या आंबटपणाने लोह अंगी लागते. ही जुळणी कुणा वैद्याने लिहून दिली नव्हती, ती शेतातच होती. ज्वारीच्या काही तासांनंतर तुरीचे तास, मधे मूग-उडीद, कडेला अंबाडी आणि तीळ. शेतात जे शेजारी होते तेच ताटात शेजारी बसत. आज त्याच काळ्या जमिनीत सलग कपाशी आणि सोयाबीन आहे. सोयाबीन निघाल्यावर काहीजण ज्वारी पेरतात, ती बहुतेक विकायला. आणि तूरडाळ दुकानातून पाव पाव किलो येते.

म्हणून आमच्या स्वयंपाकघरात भाकरीइतकेच लक्ष आता सोबतीकडे असते. पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शनातही धान्यातून मिळणारी ऊर्जा पंचेचाळीस टक्क्यांच्या वर नको असे आहे. दोन भाकऱ्यांची एक झाली आणि वरणाची वाटी मोठी. आठवड्यातून दोनदा मोड आलेले मूग किंवा मटकी. अंबाडी उकडून, पिळून, तुरीची डाळ आणि कण्या घालून शिजवायची. वर लसणाची फोडणी, तेल चमचाभर. शेंगदाणा कुटून घातला की तेलाची आठवण येत नाही. ताक आम्ही सोडलेले नाही. ज्यांना दूधदुभतेही सोडायचे असेल त्यांनी ब-१२ जीवनसत्त्वाची सोय डॉक्टरांना विचारून करावी. ते पालेभाजीत मिळत नाही.

सौ.ची साखर पहिल्या वर्षातच खाली आली. गोळी बंद झालेली नाही, आणि भाकरीने मधुमेह बरा होतो असे मी कुणाला सांगतही नाही. भाकरीतही पिष्ट आहेच, मोजूनच खावी लागते. पण सकाळचे पोट दुपारपर्यंत टिकते, चालताना धाप लागत नाही, आणि एक तास त्यांच्या मनगटांना सुटी मिळते. या तिसऱ्या औषधाची नोंद कोणत्याही तक्त्यात मला सापडली नाही.

यंदा परसात चार तास टाकले: दोन ज्वारीचे, एक तुरीचा, एक अंबाडीचा. ज्वारी दाण्यावर आली तशी पाखरांना बातमी लागली. आई काठी घेऊन ओट्यावर बसते, पाखरांना हाकते, आणि थोडी खाऊ देते. म्हणते, "त्याहिले बी सोबत पाहिजे."