प्लग पुन्हा गेला

नायट्रो आरसी कार म्हणजे रिमोटवर पळणारी, पण खरंखुरं इंजिन असलेली छोटी गाडी. इंधन म्हणून मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचं मिश्रण. स्पार्क प्लगच्या जागी ग्लो प्लग, त्यात प्लॅटिनमच्या मिश्रधातूची बारीक कॉइल. सुरू करताना दीड व्होल्ट देऊन ती लाल करायची आणि इंजिन लागलं की बॅटरी काढायची. पुढे ज्वलनाच्या उष्णतेवर आणि प्लॅटिनम-मिथेनॉलच्या अभिक्रियेवर ती तापलेली राहते. रे आर्डेन या अमेरिकन माणसाने १९४७ मध्ये असे प्लग बाजारात आणले.

आमची गाडी सेकंडहँड आणि भागीदारीतली. मी पेणचा, घरून कोडिंग करणारा. मित्र रोह्याचा, धाटाव एमआयडीसीत शिफ्टला. इंजिनिअरिंगनंतर आमच्या भेटी या गाडीमुळेच टिकल्या होत्या. पण ऑक्टोबरमध्ये तीन रविवारी तीन प्लग गेले.

"विकून टाकूया यार," तो म्हणाला.

गाडी गेली असती तर रविवारही गेले असते. मी म्हटलं, "थांब, एका वेळी एकच गोष्ट बदलू." बग शोधायची हीच रीत.

पहिला संशय इंधनावर. "मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. आपल्याकडचा पावसाळा आणि अर्धा उघडा कॅन, मग काय होणार?" हे त्याचं रोजच्या कामातलं ज्ञान. नवं इंधन आणलं. मिश्रणात इंधन कमी पडलं तर इंजिन तापतं आणि कॉइल जळते, म्हणून नीडल थोडी सैल करून इंधन वाढवलं. हेडचं तापमान १०५ अंशांवर स्थिर. तरी प्लग गेला. मग थोडा थंड प्रकारचा प्लग लावला. तोही गेला. कॉम्प्रेशन जास्त असेल म्हणून हेडखाली ०.१ मिमीची एक शिम वाढवली. फरक शून्य.

मग जुने सगळे प्लग ओळीने मांडले आणि मोबाइलचा कॅमेरा झूम करून पाहिले. जळून गेलेली कॉइल एकही नव्हती. सगळ्या ठेचलेल्या, तुटलेल्या, आणि त्यांवर धातूचे करडे कण. म्हणजे आत काहीतरी उडत होतं.

क्रँकशाफ्ट हाताने फिरवला, तर खरखर. मागचं झाकण उघडलं, तर आतल्या बेअरिंगला गंज आणि त्याची जाळी फुटलेली. तिचेच तुकडे इंधनाच्या वाटेने वर जाऊन कॉइलवर आदळत होते. आधीच्या मालकाकडे गाडी इंधनासकट पावसाळाभर पडून होती, त्याची ही किंमत.

बेअरिंग बदललं, इंजिन धुतलं. आता दर रविवारी टाकी रिकामी करतो, उरलेलं इंधन जाळून संपवतो आणि आत तेलाचे थेंब सोडतो. गेलेला प्लग लगेच फेकत नाही, कारण इंजिनच्या आतली बातमी तोच आणतो.

नवा प्लग दोन महिने टिकून आहे. येत्या रविवारी मित्राची सेकंड शिफ्ट आहे, त्यामुळे मला सकाळची पहिली रोहा गाडी पकडायची आहे.